साठ नंबरची पाटी

नांदेडला इतवाऱ्यात जलील पेटीवाल्याचं दुकान शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. सकाळी आठला त्याची लाकडी मोगरी पत्र्यावर पडायला लागली, की आवाजाच्या दिशेनं चालत जायचं. कान दुखायला लागले की समजायचं, दुकान आलं.

जून महिना पेट्यांचा. दहावीचा निकाल लागला, की धर्माबाद, भोकर, कुठकुठचे बाप आपापलं पोरगं पुढं घालून येत. पोरगं अकरावीला लातूरला निघालेलं असे. बाप कडीला हिसके देऊन मजबुती बघे, आई आत हात फिरवून गंज बघे आणि पोरगं बघे फक्त झाकण. कारण झाकणावर त्याचं नाव पडायचं. नाव जलील स्वतः घाली. लाल रंग, खारीच्या केसांचा ब्रश, खाली गावाचं नाव. ज अक्षर आलं, की त्याच्या शेपटाला तो एक वेटोळा जास्तीचा देई. स्वतःच्या नावातलं अक्षर म्हणून तेवढी हौस.

या धंद्यात एक कायदा होता. नाव पडलं की पेटी त्या माणसाची. तो उद्या येवो की दहा वर्षांनी. तोवर ती दुसऱ्याला विकायची नाही, तिच्यात दुसऱ्याचं सामान ठेवायचं नाही आणि तिला कात्री लावायची नाही. जलीलच्या अब्बांनी हा कायदा आयुष्यभर पाळला. जलीलनं पण पाळला, एकदा सोडून.

पण पेट्या हा झाला पोटापाण्याचा उद्योग. जलीलचा खरा जीव होता शोध लावण्यात. त्यानं एक छत्री बनवली होती. तिच्या कडेनं पन्हाळ आणि पन्हाळीतून नळी थेट कमरेला बांधलेल्या तांब्यात. पाऊस अंगावर पडायचा नाही आणि वर प्यायला पाणी फुकट. पहिल्याच मोठ्या पावसात तांबा इतका भरला, की जलीलचा पायजमा तांब्यासकट वजिराबादच्या चौकात खाली आला. मग त्यानं दूध उतू न जाणारं पातेलं काढलं. दूध उतू गेलं नाही हे खरंच, ते सगळं एकदम छताला लागलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यानं भूकंप-घंटी काढली. पत्र्यावर पितळी वाटी, वाटीत गोट्या, जमीन हलली की गोट्या पत्र्यावर सांडून कल्लोळ. गल्लीत अकरा घंट्या खपल्या. एका दुपारी कुणाच्या तरी बकरीनं भिंतीला पाठ घासली आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट न्हावी रस्त्यावर आला. त्या दिवशी अकराच्या अकरा घंट्या परत आल्या.

"मशीन बरोबर हाय," जलील तेव्हाही छातीवर हात ठेवून म्हणाला. "बकरी चुकली."

तर १९९९ च्या जूनमध्ये लातूरहून एक प्राध्यापक दुकानात आले. ईश्वरप्पा सर. फिजिक्सचे क्लासेस होते त्यांचे, आणि त्या वर्षी क्लासला लागून नवं वसतिगृह काढलं होतं. पन्नास पेट्या हव्या होत्या. पेट्यांचं ठरलं, चहा आला, आणि सरांनी सहज गाऱ्हाणं मांडलं.

"मिस्त्री, साठ पोरांची हजेरी घ्यायला रोज बारा मिनिटं जातात. बारा मिनिटांत माझी दोन गणितं होतात. बरं, घेऊनही उपयोग नाही. एकच पोरगं आवाज बदलून चौघांचं 'हजर सर' ओरडतं."

"मग मशीन बसवा की, सर."

"कुठं मिळतं तसलं मशीन?"

"मिळत नसतंय," जलीलनं बशी खाली ठेवली. "बनवावं लागतंय."

पडद्याआडून त्याच्या बायकोचा, आबेदाचा, आवाज आला. "घ्या! आता ह्यांना कुणी पकडा."

कुणी पकडलं नाही. आठ दिवसांत नकाशा तयार झाला. प्रत्येक जागेवर स्प्रिंगवर बसवलेली फळी. पोरगं फळीवर बसलं, की सायकलीच्या ब्रेकची वायर ओढली जाणार आणि समोरच्या भिंतीवरच्या हजेरी-फळ्यावर त्याच्या नंबरची पत्र्याची पाटी टकदिशी वर येणार. उठलं की पाटी खाली. विजेचं काम नाही, भारनियमनाची भीती नाही. सरांनी नुसती नजर टाकायची. पोरं जागेवर दप्तर ठेवून पळतील म्हणून फळीखाली एक स्क्रू. एक आटा म्हणजे एक किलो, हा हिशोब जलीलनं ज्वारीचं पोतं काट्यावर घालून बसवला होता. सगळे स्क्रू पंचवीस किलोवर. दप्तर काय, दप्तराच्या आजोबाला पण पाटी उचलता येणार नव्हती.

अडलं एका ठिकाणी. पन्नास पेट्यांत दुकानातला सगळा पत्रा संपला. नवा माल हैदराबादेहून यायला तीन आठवडे. आणि पाट्यांना पत्रा जाड हवा, नाहीतर त्या वाकायच्या. जलीलनं मान वर केली. माळ्यावर एक पेटी होती. जुन्या मालाची, जाड पत्र्याची.

ती पेटी त्र्याण्णव सालच्या गणपतीतली. किल्लारीकडच्या चिंचोलीचा एक शेतकरी, दगडोबा, बहिणीकडं नांदेडला आला होता. बरोबर दहा वर्षांचा मुलगा. दिवाळीनंतर पोराला नांदेडच्या बोर्डिंगात घालायचं ठरलं होतं. पोरगं धीट. "काका, मी आत बसलो तर झाकण लागंल का?" म्हणाला. जलीलनं त्याला उचलून पेटीत बसवलं, झाकण लावून दाखवलं, परत उघडलं. "पंचवीस किलोचा माल हाय, दगडोबा," तो म्हणाला, आणि तिघंही हसले. झाकणावर नाव पडलं. "रंग वाळू द्या. गणपती बुडाले की न्यायला येतो," असं सांगून दगडोबा गेला.

गणपती बुडाले त्याच रात्री, पहाटे, जमीन हलली. पेटी न्यायला कुणी आलं नाही.

आता जलील शिडीवर चढला आणि खाली आबेदा उभी राहिली, शिडी न धरता.

"त्याच्यावर नाव हाय जी. अमानत हाय ती. कात्री नक्को लावू."

"सहा साल झाले, आबेदा. गावच राहिलं न्हाई, तर घेणारा कुठून येईल?"

"नाव तर ऱ्हायलं ना?"

जलीलनं ऐकलं नाही. झाकण आणि तळ मिळून बरोबर साठ पाट्या निघाल्या, एक चिरोटीसुद्धा वाया गेली नाही. याचं त्याला भारी वाटलं. दोन्ही बाजूंनी पांढरा रंग मारला, वर काळे नंबर टाकले. पेटीच्या चार बाजू तेवढ्या उरल्या. त्या त्यानं परत माळ्यावर टाकल्या.

आणि काय सांगावं, मशीन चाललं! आयुष्यात पहिल्यांदा जलीलचं मशीन चाललं. जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला पोरं आत शिरली, बसली, आणि भिंतीवर पाट्यांची लाट उठली. टक टक टक टक. ईश्वरप्पा सरांनी मागं वळून बघितलं, खडू उचलला आणि हजेरी संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जलील दाराशी हात बांधून उभा होता. जणू असली मशीनं त्याच्या घरी शेळ्यांसारखी वितात.

दर पंधरा दिवसांनी तो एसटीनं लातूरला येऊन वायरींना तेल देई. ऑगस्टमध्ये आला, तर सरांनी त्याला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, साठ नंबर खोटं बोलतोय."

वर्गात विद्यार्थी होते एकोणसाठ. साठावा प्रवेश झालाच नव्हता. ती जागा शेवटच्या बाकावर खिडकीशी, रिकामी. आणि फळ्यावर साठ नंबरची पाटी वर.

"स्प्रिंग ढिली," जलील म्हणाला. स्प्रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी पाटी वर. त्यानं साठची फळी काढून बाराला लावली आणि बाराची साठला. दोष फळीत असता, तर तो फळीबरोबर बाराला गेला असता. तो गेला नाही. त्यानं वायर बदलली, पाटी अडकवायचा आकडा बदलला. नंतर दिवसभर वर्गाच्या मागं स्टुलावर बसून पाटीवर नजर ठेवली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पाटी कशीही वर-खाली होत नाही. तास सुरू झाला की वर. डब्याची सुट्टी झाली की खाली. सुट्टी संपायच्या दोन मिनिटं आधी परत वर. सबंध वर्गात इतकं वेळेवर येणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकोणसाठ नंबरला तनुजा नावाची मुलगी बसे. देगलूरकडची, तोंडानं फटकळ.

"काका, किती दिवस माझ्या शेजारी रांगून राहिला? क्लास लावा की सरळ. जागा रिकामीच हाय."

"जागा रिकामी हाय ना? मग बघच," जलील बाकाखालून म्हणाला. आणि त्यानं साठ नंबरचा स्क्रू आवळायला घेतला. जितका आवळावा, तितकं पाटी उचलायला वजन जास्त लागणार. तीस किलोवर आणला, पाटी वरच. पस्तीस. चाळीस. मोकळ्या फळीवरून त्यानं हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळिसाव्या आट्याला पाटी टकदिशी खाली पडली.

जलीलनं पाठ सरळ केली, घाम पुसला. रिकाम्या जागेचं वजन बेचाळीस किलो भरलं होतं.

"झालं दुरुस्त?" सरांनी विचारलं.

"झालं," जलील म्हणाला. मशीनवाल्यानं आधी दोष काढायचा असतो, तो का आला ते मग सवडीनं शोधता येतं, असं त्याचं मत होतं. स्क्रू त्यानं त्रेचाळिसावर ठेवला. सप्टेंबर, ऑक्टोबर, पाटी गप्प राहिली. फळ्याची कीर्ती पसरली. नांदेडच्या सहा क्लासवाल्यांनी ईश्वरप्पा सरांना कळवलं, की नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही बघायला येतो, पसंत पडलं तर प्रत्येकाच्या हॉलमध्ये बसवू. जलीलनं त्या फळ्याच्या वर लाल रंगात 'जलील हजेरी-फळा' असं लिहूनही टाकलं, ज ला वेटोळा देऊन. छत्रीवर हसणारे, पातेल्यावर हसणारे, बकरीवर हसणारे, सगळ्यांची तोंडं त्या रविवारी बंद होणार होती. साठ वर्षांच्या माणसाला आणखी काय हवं असतं?

दिवाळीची सुट्टी संपली, आणि पहिल्याच दिवशी साठ नंबर वर आला.

जलील मिळेल त्या गाडीनं आला. स्क्रू आवळला. चव्वेचाळीस, पाटी वर. पंचेचाळीसला खाली.

"तनुजा," त्यानं बाकाखालूनच विचारलं, "दिवाळीत तुम्हा पोरांचं वजन वाढतं का गं?"

"न वाढून कसं? आई समोर बसून चारते. मी तर दोन किलो घेऊन आले." ती हसली. "का हो, काका?"

जलील बाकाखाली बोटांवर बेचाळिसात दोन मिळवत होता.

स्क्रू पंचेचाळिसावर ठेवून चालण्यासारखं होतं. पण पोरगं वाढतंय म्हटल्यावर— जलीलनं स्वतःशीच जीभ चावली. पोरगं कुठलं? रविवारी सहा माणसांसमोर पाटी वर आली, तर? तेव्हा आदल्या दिवशी, शनिवारी, त्यानं सोपा उपाय केला. वर्ग भरलेला असताना पक्कड घेतली आणि साठ नंबरची वायर तोडली.

साठची पाटी वर नव्हतीच. पण त्याच क्षणी उरलेल्या एकोणसाठ पाट्या एका दमात खाली पडल्या.

पोरं सगळी जागेवर बसलेली. फळ्यावर एकही पाटी वर नाही.

"सर," पुढून कुणीतरी हळूच म्हणालं, "आम्ही सगळेच गैरहजर?"

कुणी हसलं नाही. सरांच्या हातात खडू तसाच राहिला. जलीलनं बारा नंबरच्या पोराला उठवून परत बसवलं. पाटी हलली नाही. त्याला परत उठवून स्वतः बसला. हलली नाही. मग तो मागं गेला, गुडघ्यांवर बसला, तोडलेल्या वायरीची दोन टोकं पिरगळून जोडली आणि स्क्रू सैल करत करत परत पंचवीस किलोवर आणला.

साठच्या साठ पाट्या वर आल्या.

सुट्टीत पोरं बाहेर गेली. तनुजा मात्र आपल्या जागेवर वही उघडून बसून राहिली.

"काका, हसणार नसाल तर एक सांगते. जूनमध्ये मी हितं बसले ना, तेव्हा सकाळी खिडकीतलं ऊन माझ्या वहीवर यायचं. लई त्रास व्हायचा. जुलैपासून येत न्हाई."

"झाडबिड वाढलं असंल."

"बाहेर झाड न्हाई. बघा की." तिनं रिकाम्या जागेकडं बोट केलं. तिथं ऊन पडलं होतं, लख्ख, कारण डब्याची सुट्टी होती. त्या उन्हाची एक तिरीप तिच्या वहीपर्यंत आली होती. तेवढ्यात घंटेला दोन मिनिटं कमी असताना भिंतीवर एक पाटी वाजली. टक.

वहीवरचं ऊन गेलं.

रविवारी जलील सकाळी सातलाच हॉलमध्ये आला. पाहुणे दहाला येणार होते. वर्ग रिकामा होता, सगळ्या पाट्या खाली. एक गोष्ट त्यानं अजून तपासली नव्हती, ती म्हणजे खुद्द पाटी. त्यानं स्टुलावर चढून साठ नंबर आकड्यातून काढला आणि उलटा केला.

पांढऱ्या रंगाखालचा लाल वर फुटला होता. लाल रंगाची ही खोड त्याला चांगली ठाऊक होती, कितीही थर द्या, तो वर येतो. पाटीवर एक शेपूट होतं. शेपटाला एक वेटोळा जास्तीचा.

जलील स्टुलावरून उतरला नाही. त्यानं एकोणसाठ काढली. उलटी केली. लाल रेघ. अठ्ठावन्न. सत्तावन्न. सगळ्या काढल्या.

फरशीवर बैठक मारून त्यानं पाट्या मांडायला घेतल्या. नंबरावर नाही, कात्रीच्या कडांवर. कुठली कड कुठल्या कडेला बसते, हे त्याच्या बोटांना कळत होतं. कापली त्याच बोटांनी होती.

पहिली ओळ जुळली. बजरंग दगडोबा.

दुसरी ओळ. मु. चिंचोली.

जलील बोटं मोजू लागला. त्र्याण्णव साली दहा. चौऱ्याण्णवला अकरा. बोटं सहा झाली आणि थांबली. सोळा. म्हणजे दहावी होऊन अकरावी. पोरगं वेळेवर आलं होतं. अकरावीच्या वर्गात, एकच जागा रिकामी होती तिथं.

मागं शेवटच्या बाकाचं लाकूड करकरलं.

त्यानं वळून पाहिलं नाही. समोर हजेरी-फळ्यावर साठ मोकळे आकडे होते, पाटी कशालाच नव्हती. त्यातला शेवटचा आकडा सावकाश वर सरकला आणि वरच थांबला.

"बस रे बाळा," जलील म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "पाचच मिनिटं. गोळा करतो."

पावणेदहाला ईश्वरप्पा सर इस्त्रीच्या कपड्यांत आले, तेव्हा जलील पोत्याचं तोंड बांधत होता.

"मिस्त्री, पाट्या कुठायत? अहो, पाहुणे हॉटेलात नाष्टा करून राहिलेत!"

"पाट्या दुसऱ्याच्या निघाल्या, सर."

"दुसऱ्याच्या म्हणजे? मग दुसऱ्या लावा! पत्र्याला काय सोनं लागलंय?"

"लावल्या असत्या. पण आता हे मशीन मला परत बनवता येणार न्हाई."

"का?"

जलीलनं भिंतीवरच्या आपल्या नावाकडं एकदा बघितलं. "ते माझ्यामुळं चालत नव्हतं, सर," तो म्हणाला, आणि पोतं खांद्यावर टाकून, जिन्यात सहा पाहुण्यांना वाट देत, एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला.

त्यानंतर आठ दिवस इतवाऱ्यात दुसरा आवाज नव्हता. माळ्यावरच्या चार बाजू खाली आल्या. साठ तुकडे, एकाला एक रिव्हेट मारून, गोधडीसारखे जोडले गेले. तीस वर झाकणाला, तीस खाली तळाला. आबेदा कधी नव्हे ते शेजारी बसून एकेक तुकडा हातात देत होती. पेटी झाली. झाकणावरचे पांढरे पापुद्रे जलीलनं घासून काढले, आणि नाव रिव्हेटांच्या टोप्यांमधून परत सलग वाचता यायला लागलं. रिकामी पेटी घराबाहेर काढायची नाही म्हणून आबेदानं आत मूठभर ज्वारी आणि एक बत्तासा ठेवला.

चिंचोलीच्या पुनर्वसनाचं नवं गाव औशाच्या पुढं वसलं होतं. लातूरच्या स्टँडवर पेटी टपावर चढवायला हमाल आला. एकट्यानं उचलली, खाली ठेवली, दुसऱ्याला हाक मारली.

"काय भरलंय, चाचा?"

"मूठभर ज्वारी."

दोघांनी मिळून ती 'हुं' करून वर ढकलली आणि जलीलकडं असं बघितलं, जणू हा म्हातारा थट्टा करतोय.

दगडोबाचं घर सापडायला वेळ लागला नाही. नव्या गावात सगळी घरं सारखीच, एका रांगेत, सिमेंटची. दगडोबा दारातच डोक्यावरचा पटका घट्ट करत होता. जलीलला त्यानं लगेच ओळखलं, आणि पेटीलाही. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, डोक्यावरचा पदर पुढं ओढून पेटीवरच्या नावावर हात फिरवला. रिव्हेटांवरून फिरवला, सांध्यांवरून फिरवला.

"लई उशीर केलासा, भाऊ," ती म्हणाली.

"चूक झाली, बाई. मी कात्री लावली हिला." जलीलनं कान धरले. "अमानत होती."

"आणली न्हवं? मग झालं." दगडोबानं त्याला हाताला धरून आत नेलं, सतरंजी टाकली. "आम्ही दोघं त्या रातीला शेतातल्या खोपीत, आखाड्यावर व्हतो. पोरगं गणपती बघायला गावात थांबलं, चुलत्याकडं. म्हणून मागं आम्ही दोघंच." त्याला सहा वर्षं हे सांगायची सवय झाली होती. त्यानं ते भाव सांगावा तसं सांगितलं आणि चहाला आवाज दिला.

कस्तुराबाईनं पेटी उघडली. ज्वारी होती. आबेदानं ठेवलेला बत्तासा नव्हता. जलीलनं ते पाहिलं. प्रवासात विरघळला असेल, असं मनाशी म्हणाला. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत.

"ही कुठं ठिवावी?" त्यानं विचारलं.

"हितं," ती म्हणाली, आणि सरळ समोरच्या भिंतीकडं गेली. दोघांनी मिळून पेटी ढकलली. या वेळी ती अलगद सरकली, रिकाम्या पेटीसारखी.

भिंत चुन्यानं पांढरी झालेली होती. पेटी टेकली त्याच्या वर एक तेलकट डाग होता. रोज एकाच जागी भिंतीला डोकं टेकून बसणाऱ्या माणसाचा पडतो, तसला.

"चुन्याला तेल धरत न्हाई इतक्या लवकर," जलील काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"दर दसऱ्याला चुना मारते मी," कस्तुराबाई म्हणाली. चहाची वाटी त्याच्या पुढं ठेवून ती डागाकडं वळली आणि तिनं भिंतीवर बोट टेकवलं, डागाच्या बरंच खाली. "ह्या घरात आलो त्या साली हितं पडायचा." बोट चारेक अंगुळं वर आलं. "मग हितं. दरसाली जरा वर येतोय." ती जेवण वाढल्यासारखं शांतपणे बोलत होती. "ह्या साली जुलैपासनं चुना कोरडाच व्हता. म्हटलं, पोरगं शिकायला गेलं असंल. दिवाळीत चार दिस पडला. आन् आता पेटी घरात आली तसा परत."

दगडोबा पटक्याचं टोक खोचत राहिला.

जलीलनं खोलीभर बघितलं. दगडोबाच्या डोक्याला पटका, तो झोपेतसुद्धा सुटत नसे. कस्तुराबाईच्या डोक्यावर पदर. आणि जलीलच्या डोक्यावर वीस वर्षांपासून केस नव्हते.

मशीनवाल्याचा हात होता. तपासल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. चहा ठेवून तो उठला, भिंतीपाशी गेला आणि डागावर अंगठा टेकवला.

तेल अजून कोमट होतं.